भाचीचं लिव्हर आणि माझं पत्रक

भाचीच्या मानेवर मागच्या बाजूला काळसर पट्टा उमटला होता आणि आमच्या घरानं तो मळ समजून जवळजवळ वर्षभर घासला. वहिनी शाळेच्या आधी डाळीचं पीठ आणि लिंबू लावायची. आई रविवारी तिला न्हाणीत पाटावर बसवून दगडानं घासायची आणि आजकालच्या पोरींना साधी अंघोळ जमत नाही म्हणून बडबडायची. मान लाल व्हायची, पट्टा तसाच राहायचा. भाची तेव्हा अकरा वर्षांची होती, सहावीत. ती तक्रार करत नसे. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या, त्यामुळे केसांनी मान झाकता येत नव्हती. ती भर उन्हाळ्यातही कॉलरचं वरचं बटण लावून बसायची.

तो मळ नव्हता. शाळेत तपासणीला पथक आलं, त्यातल्या एका बाईंनी तिची मान बघितली, वजन-उंची घेतली आणि चिठ्ठी दिली. ती घेऊन आम्ही तळेगावला मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं, मग सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर लिहिलं होतं, फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. डॉक्टर बाईंनी सांगितलं की मानेवरचा पट्टा घासून जाणार नाही. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, त्याची ती बाहेर दिसणारी खूण आहे.

माझा मोठा भाऊ, म्हणजे तिचा बाप, रिपोर्ट उलटासुलटा करून बघत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, लिव्हर तर पिणाऱ्यांचं जातं. माझ्या घरात कुणी थेंब घेत न्हाई."

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या मावळात लिव्हर या शब्दाला एकच अर्थ आहे. अमक्याचं लिव्हर गेलं म्हटलं, की तो कुठल्या गुत्त्यावर बसायचा तेही ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. जास्तीची साखर, तळलेलं आणि दिवसभर बसून राहणं, यातून लिव्हरमध्ये चरबी साठते. दारूचा संबंध नाही. आता मुलांमध्येही हे दिसतं. यावर गोळी नाही. पण या वयात लिव्हर सुधारतं, वेळेवर सवयी बदलल्या तर. थंड पेयं आणि पाकिटातलं खाणं बंद, रोज तासभर अंग हलवायचं, मोबाइल-टीव्ही कमी, झोप पुरेशी. तिला उपाशी ठेवायचं नाही, वाढीचं वय आहे. वजन भराभर उतरवायच्या मागे लागू नका, ते आहे तिथं थोपवा आणि उंचीला पुढे जाऊ द्या. उठता उठता त्या म्हणाल्या की हे तिला एकटीला करायला लावू नका, सगळ्या घरानं करायचं आहे.

आम्ही सगळ्यांनी मान हलवली. त्यातलं हे शेवटचं वाक्य प्रत्येकानं ऐकलं आणि कुणीच घरी आणलं नाही.

घर म्हणजे सहा माणसं. आई, आबा, दादा, वहिनी, भाची आणि मी. वडलांना घरात सगळेच आबा म्हणतात. कान्ह्याजवळ आमचं गाव, थोडी भातशेती. दादाचा भुशीला गाडा आहे. सकाळची लोकल पकडून तो आणि वहिनी लोणावळ्याला जातात आणि तिथून धरणाकडे. मक्याची भजी, कांदाभजी, वडापाव, चहा, थंड पेयांच्या बाटल्या. पावसाळ्यातले तीन महिने आणि एरवीचे शनिवार-रविवार, यावर वर्ष निघतं. गर्दी फार झाली की पोलीस दुपारनंतर शिट्ट्या मारत सगळ्यांना खाली पिटाळतात, आणि कढईशेजारी तळून ठेवलेला ढीग तसाच राहतो. तो डब्यात भरून घरी येतो.

आईचा नियम, अन्न टाकायचं नाही. लहानपणी तिनं एका वेळच्या भाकरीवर दिवस काढले आहेत, त्यामुळे या नियमावर तिच्याशी कुणी वाद घालत नाही. संध्याकाळी डबा उघडायचा. सगळ्यांनी थोडं थोडं खायचं आणि शेवटी तळाला उरेल ते भाचीच्या ताटात जायचं. कारण ती नको म्हणत नसे आणि ताट लख्ख करायची. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, "माझी गुणाची हाय. बाकीच्यांची लय थेरं, हिचं तसं न्हाई." पोरगी चालायला लागली तेव्हापासून हे कौतुक ऐकत आली होती. गाड्यावरचं उरलेलं आम्ही कधी टाकलं नाही, तिच्यात साठवलं. हे मला तेव्हा कळलं असतं तर मी पुढचा उद्योग केला नसता.

डॉक्टरांकडून आल्यावर आईनं तिला सोमवार आणि गुरुवार धरायला लावले. उपासानं माणूस हलका होतो अशी तिची खात्री. उपासाला तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बटाट्याचा कीस आणि दुपारी राजगिऱ्याचा लाडू. उपासाच्या दिवशी पोरगी एरवीपेक्षा जास्त खायची आणि आई समाधानानं म्हणायची की आता गुण येईल.

व्यायामाचं खातं मी घेतलं. संध्याकाळी पाच वाजता अंगणात दोरीवरच्या उड्या. मी मोबाइलवर वेळ लावून उभी. बाकीचं घर ओट्यावर बसून बघायचं, मधे चहा, आणि डबा आलेला असला तर भजी. कुणी म्हणायचं अजून दहा, कुणी म्हणायचं पाय उचल की नीट. भाची प्रत्येक उडीनंतर कुडता खाली ओढायची. आठ दिवसांत दोरी हरवली. ती मला भाताच्या कणगीमागे सापडली आणि मी मोठ्या उत्साहानं तिला परत नेऊन दिली. तिनं ती लपवली होती हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

एकच गोष्ट जमली. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी इंद्रायणीच्या पुलापर्यंत चालत जायला लागलो. तिथं ओटा नव्हता, बघणारं कुणी नव्हतं. ती वाटेत बोलायची. वर्गातल्या कुठल्या मुलीला कुठली मुलगी आवडत नाही, गणिताचे सर पीटीचा तास कसा उचलतात, असलं सगळं. दहा-बारा दिवस हे चाललं. मग मी पत्रक काढलं.

पत्रकाचं सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. आबा एका कारखान्यात तीस वर्षं होते आणि त्यातली बरीचशी युनियनच्या कामात. पत्रकं घरातच लिहिली जायची. मी मुळाक्षरं गिरवली ती गुलाबी पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि वाचायला शिकले ती त्याच पत्रकांची पुढची बाजू. 'कामगार बंधू-भगिनींनो' हा मी सलग वाचलेला पहिला मजकूर. फडताळात तळाला पत्रकं, वह्यांना कव्हर पत्रकांचं, भाकरीच्या टोपलीतसुद्धा पत्रकच. त्यातून एक समजूत माझ्यात पक्की बसली. अन्याय दिसला की लिहायचं, छापायचं, लावायचं. गप्प बसणारा त्यात सामील असतो. मोठी झाल्यावर मीही लिहीत आले. डोंगरावरच्या वाडीला नळ नाही आणि खालच्या बंगल्यांना पोहायचे तलाव, यावर लिहिलं. पर्यटक धरणाच्या पायऱ्यांवर काय काय टाकून जातात, यावर लिहिलं. त्यातलं एकही वाक्य मी मागे घेणार नाही.

भाचीच्या आजारातही मला गुन्हेगार लगेच दिसले. प्रत्येक टपरीवर थंड पेय आहे आणि पाण्याच्या नळाला तोटी नाही. गावाचं मैदान प्लॉट पाडण्यात गेलं. शनिवार-रविवारी रस्त्यावर गाड्या अशा धावतात की पोरांनी सायकल काढायची नाही. शाळेत खेळाचा तास कागदावर. मी एका बैठकीत लिहून काढलं. मथळा दिला, 'आमच्या मुलांच्या यकृतावर कोणाचा नफा चढतो आहे?' खाली चार मागण्या. शाळेच्या आसपास थंड पेयं विकू नयेत. खेळाचा तास खेळालाच मिळावा. गावाला मैदान मिळावं. रस्त्याकडेला चालायला जागा असावी. या चारही मागण्या आजही बरोबर आहेत.

चूक पहिल्या परिच्छेदात होती. पत्रक घरच्या उदाहरणानं सुरू करावं, मग लोक वाचतात, हे आबांनी मला शिकवलं होतं. म्हणून मी लिहिलं, 'आमच्याच घरातली, सहावीत शिकणारी मुलगी आज लिव्हरच्या आजाराशी झुंजते आहे.' नाव घातलं नाही. नाव नसलं की झाकलं गेलं, असं मला वाटलं. ज्या गावात कुणाच्या गोठ्यात कुठली म्हैस व्याली ते सांगावं लागत नाही, त्या गावात मी हे लिहिलं.

दोनशे प्रती काढल्या. बऱ्याचशा बाजारात वाटल्या आणि चाळीस ठिकाणी लावल्या. खळ आबांच्या पद्धतीची. मैदा शिजवायचा, घट्ट व्हायच्या आधी उतरवायचा आणि त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे किडे लागत नाहीत आणि गुरं चाटत नाहीत. ही खळ पावसाळ्यालाही दाद देत नाही. मी स्कूटरवरून एका दिवसात कान्ह्यापासून कामशेतपर्यंत सगळं उरकलं. विजेचे खांब, डेअरीची भिंत, गिरणी, बसथांबा, शाळेच्या कोपऱ्यावरची टाकी. कुठं कुठं लावलं याची यादी केली, तीही आबांचीच सवय.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं वहिनीला बाजूला घेतलं आणि खऱ्या काळजीनं विचारलं, "पोरगी घेती व्हय गं? कोन देतं तिला?" वहिनी दळण तसंच टाकून घरी आली. शाळेत त्याच दिवशी भाचीला नाव पडलं. क्वार्टर. वर्गात शिरली की मागच्या बाकावरून कुणीतरी बाटली उघडल्याचा आवाज काढायचं.

ती घरी आली, दप्तर ठेवलं आणि मागच्या खोलीत गेली. पाच वाजले तरी बाहेर आली नाही. मी दाराशी उभी राहून चल म्हणाले, तिनं भिंतीकडे तोंड केलं. चार दिवस शाळेला गेली नाही. पुलाकडे जाणं संपलं. दादा माझ्याशी भांडला नाही. त्यानं घरात ठेवलेल्या प्रतींचा गठ्ठा उचलून चुलीपाशी नेऊन ठेवला. वहिनी मला वाढायची पण बोलायची नाही. मी मनातल्या मनात युक्तिवाद करत होते. प्रश्न सगळ्या मुलांचा आहे, कुणीतरी बोलायलाच हवं, लाज वाटायची ती बाटल्या विकणाऱ्यांना वाटावी. सगळं खरं होतं आणि मागच्या खोलीचं दार बंद होतं.

पुढच्या तपासणीला रक्ताचे आकडे आधीपेक्षा वाढलेले निघाले. डॉक्टरांनी भाचीला विचारलं की चालणं चालू आहे का. ती कॉलरचं वरचं बटण चाचपत राहिली. मग त्यांनी आमच्याकडे वळून एकेकाला विचारलं, तुम्ही किती चालता. आबा दिवसभर ओट्यावर असतात आणि त्यांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत. मी चौकातल्या दुकानात जायलाही स्कूटर काढते. आईनं सांगितलं की घरकाम असतं. दादा म्हणाला, दिवसभर उभाच असतो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की हे असंच राहिलं तर काही वर्षांत लिव्हर आतून कडक व्हायला लागतं, आणि तिथून ते पूर्वीसारखं होईलच असं सांगता येत नाही. आत्ता वेळ आहे. पण पहिल्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट सांगितली होती ती आम्ही केलेली दिसत नाही, असंही त्या म्हणाल्या.

परत येताना तळेगावच्या फलाटावर भाची आणि मी एका बाकावर बसलो होतो. बाकीचे चहाला गेले होते. मी तिला म्हणाले की उद्यापासून परत पुलापर्यंत जाऊ.

ती म्हणाली, "तू मला विचारलंस का?"

मी सुरू झाले. मुलांचं आरोग्य, कंपन्यांचा नफा, कुणीतरी आवाज उठवायला हवा. तिनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "माझ्यावरनं लिहिलंस. मला दाखवलं पण न्हाईस."

मी माफी मागितली, ती तिनं ऐकल्यासारखी केली. गाडी येताना दिसली तेव्हा तिनं अट घातली. जिथं जिथं लावली आहेत तिथनं सगळी काढायची. ती पण येणार. आणि स्कूटरवर नाही, चालत. स्कूटरवर बसलं की सगळे बघतात, चालताना आपण पण त्यांच्याकडे बघू शकतो, असं तिचं म्हणणं.

यादी होतीच. चाळीस ठिकाणं. पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघी डेअरीच्या भिंतीशी उभ्या राहिलो. अर्ध्या तासात नखांनी आणि चमच्यानं जेमतेम 'यकृतावर' एवढा शब्द निघाला. खळ पक्की बसली होती. डेअरीत दूध घालायला आलेली बाई थांबून बघत होती, भाची भिंतीला नाक लावून खरवडत होती. आम्ही हात हलवत परत आलो.

दुसऱ्या दिवशी आई खुरपं घेऊन निघाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाली, चमच्यानं भित्ती खरवडत्यात व्हय कुणी. तिसऱ्या दिवशी आबा बादली आणि जुना ब्रश घेऊन फाटकाशी येऊन उभे राहिले. पत्रकाचा पहिला परिच्छेद कसा लिहायचा ते मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि पत्रक लागल्यापासून ते कुणाशी फारसे बोलत नव्हते.

"खळ माझी हाय," ते म्हणाले. "कशी सुटती ते मलाच म्हाईत."

कोमट पाणी दोनदा मारायचं, थांबायचं, मग वरून खाली ओढायचं. मोरचुदामुळे घरी आल्यावर सगळ्यांचे हात साबणानं दोनदा धुवून घ्यायचे, हेही त्यांचंच काम. गाड्याला सुट्टी असेल त्या दिवशी दादा आणि वहिनी येऊ लागले. अशी आमची कधी चौघांची, कधी सहाजणांची वरात रोज संध्याकाळी एकेका वाटेनं निघायची, एक दिवस कामशेतच्या बाजूला, एक दिवस डोंगराकडच्या वाडीच्या चढावर. आणि थांबून थांबून काम, त्यामुळे तासाच्या वरच जायचा.

बसथांब्यावर एक पानवाला मला म्हणाला, "लावताना एकटी, आन काढताना सगळी वरात व्हय?"

आईनं खुरपं न थांबवता उत्तर दिलं. "तू बी ये की. प्वाट लय सुटलंय तुजं."

वाडीच्या चढावर मात्र आमची अवस्था उघडी पडली. आबा दोन वळणांत धापा टाकायला लागले. मी पंचवीस वर्षांची, व्यवस्था बदलायला निघालेली, तिसऱ्या वळणावर दगडावर बसले. आई खुरपं टेकत टेकत चढत होती. भाची वरच्या वळणावर बादली घेऊन पोचली होती आणि मागे वळून बघत होती. तिनं हाक दिली की आत्या, बस जरा, घाई नाही. तिच्या अकरा वर्षांत ती कुणासाठी थांबली असेल असं मला आठवत नाही, नेहमी सगळे तिच्यासाठी थांबायचे आणि थांबल्याचं तिला ऐकवायचे.

शाळेच्या कोपऱ्यावरची टाकी तिनं शेवटी ठेवली होती. तिथं ती आम्हाला नको म्हणाली. मधल्या सुट्टीत तिनं आणि तिच्या एका मैत्रिणीनं पाण्याच्या बाटल्या ओतून ते पत्रक काढलं. कोण काय म्हणालं ते तिनं सांगितलं नाही. यादीवर शेवटची फुली तिनं स्वतः मारली. सुट्टीचे आणि पावसाचे दिवस धरून महिना गेला होता.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता आबा सवयीनं बादली घेऊन फाटकाशी. काढायला काही उरलं नव्हतं. मी सुचवलं की प्लॉटिंगच्या जाहिराती सगळ्या खांबांवर आहेत, त्या काढू. मला हे फार आवडलं असतं. आबा म्हणाले की दुसऱ्याचं काढायचं नाही, आपलं आपण काढायचं. बादली ठेवली आणि आम्ही तसेच निघालो. अजून निघतो. सगळे रोज नसतात, दोघं-तिघं तरी असतात. सीझनला दादा-वहिनी येत नाहीत. आईचा गुडघा दुखतो तेव्हा ती पुलापर्यंत येऊन बसते आणि आम्हाला पुढं धाडते.

खाण्याचं एवढ्या सहज बदललं नाही. थंड पेयांचे क्रेट आधी घरातच खाटेखाली असायचे, ते दादानं गाड्यावर हलवले. पाकिटं घरात येणं बंद झालं, आबांनी चहातली साखर सोडली आणि दोन दिवस सगळ्यांवर डाफरले. ताटातला इंद्रायणी भाताचा डोंगर बसका झाला, पावटा आणि पालेभाजी वाढली. उपास सुटले. पण डबा येतच होता. आईचा नियम डॉक्टरांपेक्षा जुना.

एका रविवारी पोलिसांनी धरणावरची गर्दी लवकर उठवली आणि डबा काठोकाठ भरून आला. जेवणं झाली, तळाला बराच ढीग होता. आईनं न विचारता डबा भाचीच्या ताटाकडे वळवला. हात सवयीचा होता. वहिनीनं तो डबा मधेच घेतला. आमची वहिनी सासूला उलट बोलणारी नाही, पंधरा वर्षांत मी ऐकलं नव्हतं. तिनं उरलेल्या भज्यांचे सहा सारखे वाटे केले आणि प्रत्येकाच्या ताटात घातले, आईच्याही.

"टाकायचं न्हाई ना, आत्याबाई? मंग सगळ्यांनी संपवायचं. सारखं."

आम्ही खायला बसलो. आबांना दोन भजी झाल्यावर जाईना. माझं पोट आधीच भरलं होतं. दादा दिवसभर त्याच तेलाचा वास घेऊन आलेला, त्याला नुसतं बघवेना. आईनं एक भजं बराच वेळ हातात धरलं. ज्या पोरीला आम्ही वर्षानुवर्षं हे खायला लावलं ती आमच्याकडे बघत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. कुणी काही ठरवलं नाही. पण पुढच्या आठवड्यापासून दादा पीठ भिजवून ठेवायला आणि गिऱ्हाईक आल्यावर घाणा सोडायला लागला. तो कुरकुरला की ढीग दिसला नाही तर माणूस थांबत नाही. आता तो आईला सांगतो की गरम तळताना बघून माणूस जास्त थांबतो. यातलं खरं काय ते भुशीला जाऊन बघावं लागेल.

चार मागण्यांचं पत्रक मी पुन्हा लिहिलं. पहिला परिच्छेद काढला. लावायच्या आधी भाचीला वाचायला दिलं. तिनं 'यकृत' खोडून 'लिव्हर' केलं, कारण यकृत कुणाला कळत नाही, आणि 'आमची मुलं' च्या जागी 'मुलं आणि मोठी माणसं' असं करायला लावलं. ते पत्रक शाळेच्या पालकसभेत वाटलं. खेळाचा तास आठवड्यातून दोनदा परत मिळाला. मैदान मिळालेलं नाही, आणि त्यासाठी मी गप्प बसणार नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी झाली. ग्रेड दोनची एक झाली आहे. रक्ताचे आकडे जवळजवळ असायला हवेत तिथं आले आहेत. मानेवरचा पट्टा फिकट झाला, गेलेला नाही. आता तो कुणी घासत नाही. डॉक्टर म्हणाल्या की बरं झालं असं समजून थांबू नका, सहा महिन्यांनी परत या. दादानं रिपोर्ट घडी घालून रेल्वेच्या पासाच्या पाकिटात ठेवला. शाळेतले दोघं अजून तिला क्वार्टर म्हणतात. ती सांगते की आता फरक पडत नाही. मी तिथं नसते, त्यामुळे तिचं म्हणणं धरून चालते.

हे सगळं लिहायच्या आधी मी तिला विचारलं. तिनं दोन दिवस विचार केला आणि लिहून झाल्यावर दाखवायचं या बोलीवर हो म्हणाली. आता ती बारा पूर्ण आहे. ओट्यावर बसून तिनं हे पेन घेऊन वाचलं. शाळेतला एक प्रसंग होता, तो पूर्ण खोडला. जिथं जिथं वजनाचा आकडा होता तिथं तो खोडला. मी खोडलेलं तसंच सोडलं.

शेवटच्या पानापाशी तिनं विचारलं की उंची कुठं लिहिली नाहीस. मी म्हणाले, ती लिहायची राहिली.

"लिही मग. पाच सेंटिमीटर वाढलीय."